शेक देण्याआधी संगणक काय मोजतो?

‘सी.टी. काढून आठ दिवस झाले, तरी शेक सुरू नाही. विचारले की म्हणतात, संगणकावर प्लॅनिंग चालू आहे. हे खरे, की नुसती टोलवाटोलवी?’ कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. मुंबई-पुण्याला किंवा बार्शीला जाऊन राहायचे, लॉजचे भाडे भरायचे, शेतीची किंवा दुकानाची कामे खोळंबलेली, आणि उपचाराचा पत्ता नाही. अशा वेळी माणसाचा धीर सुटणे साहजिक आहे. काही जण ‘बोलावतील तेव्हा येऊ’ म्हणून गावी परततात आणि नंतर जातच नाहीत. म्हणून आजच्या लेखात त्या आठ-दहा दिवसांत बंद दाराआड नेमके काय चालते, ते सांगायचे ठरवले आहे. विषय थोडा गणिताचा आहे. पण घाबरू नये. ज्वारीचे दाणे आणि चिठ्ठ्या यांपलीकडचे गणित आपल्याला लागणार नाही.

शेक म्हणजे उष्णता नव्हे

आपल्याकडे किरणोपचाराला कुणी ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’. दोन्ही शब्द रुळलेले आहेत, पण दोन्हींमुळे गैरसमज होतो. गरम विटेने किंवा पिशवीने देतात तसा हा शेक नाही, आणि दिव्याचा उजेडही नाही. हे क्ष-किरणांच्या जातीचे, पण फोटो काढण्याच्या क्ष-किरणांपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जेचे किरण असतात. ते कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूपासून मिळतात किंवा लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर नावाच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रातून.

शरीराच्या एक किलो भागात एक ज्यूल ऊर्जा जमा झाली, की एक ‘ग्रे’ इतका डोस झाला असे म्हणतात. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे नाव १९७५ साली या एककाला दिले गेले. पुष्कळ रुग्णांना रोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस डोस देतात. या २ ग्रेने शरीराचे तापमान किती वाढते? एका अंशाच्या हजाराव्या भागानेही नाही. म्हणून टेबलावर झोपलेल्या रुग्णाला काहीच जाणवत नाही, आणि बाहेर आल्यावर तो सांगतो, ‘यंत्र बंदच होते बहुतेक!’

मग एवढीशी ऊर्जा काम कसे करते? उष्णतेने नव्हे, तर पेशीतल्या डीएनए या धाग्याचे तुकडे करून. कर्करोगाच्या पेशींना ही मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही. निरोगी पेशी ती बऱ्याच अंशी रातोरात दुरुस्त करतात. रोज थोडा थोडा डोस देण्यामागे हेच कारण आहे. शेकानंतर कातडी काळवंडते, तीही भाजल्यामुळे नव्हे, तर कातडीच्या पेशींना इजा झाल्यामुळे.

थोडे कमी, थोडे जास्त चालत नाही

औषधाच्या गोळीवर तिची मात्रा छापलेली असते. किरणांचे तसे नाही. यंत्रातून किती किरण निघाले ते मोजता येते, पण शरीरात शिरल्यावर त्यांतले किती गाठीत पोहोचले, किती वाटेत राहिले आणि किती आरपार निघून गेले, हे रुग्णाच्या शरीरावर अवलंबून असते. लठ्ठ माणसात वेगळे आणि बारीक माणसात वेगळे. पोटात वेगळे आणि छातीत वेगळे. पोटात मोजयंत्र ठेवून तर पाहता येत नाही. म्हणून आधी हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब किती काटेकोर हवा? घशाच्या गाठीचे उदाहरण घेऊ. ती नष्ट करायला साधारण ७० ग्रे डोस सात आठवड्यांत द्यावा लागतो. तिच्यामागे काही सेंटिमीटरवर मणक्यातून मज्जारज्जू जातो. त्याला ४५ ते ५० ग्रेपेक्षा जास्त डोस डॉक्टर सहसा जाऊ देत नाहीत, कारण त्याला इजा झाली तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. बाजूला लाळेच्या ग्रंथी असतात. त्या जळाल्या तर तोंडाला जन्मभराची कोरड पडते. गाठीला पाच-सात टक्के डोस कमी पडला तर रोग उलटण्याची भीती वाढते, आणि तेवढाच जास्त झाला तर निरोगी भागाची हानी वाढते. म्हणून रुग्णाला प्रत्यक्ष मिळणारा डोस ठरवलेल्या डोसाच्या पाच टक्क्यांच्या आत असावा, असा दंडक जगभर मानला जातो.

पेशन्सच्या डावातून निघालेली पद्धत

हा हिशेब करण्याची सर्वांत अचूक मानली जाणारी पद्धत एका आजारी गणितज्ञाला पत्ते खेळता खेळता सुचली. स्टानिस्लाव उलाम हे मूळचे पोलंडचे, अमेरिकेत स्थायिक झालेले गणितज्ञ. १९४६ साली मेंदूच्या आजारातून उठल्यावर विश्रांतीच्या काळात ते पेशन्सचे डाव मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला. ते फार किचकट निघाले. मग त्यांच्या मनात आले, सूत्र कशाला हवे? शंभर डाव मांडावेत आणि किती सुटतात ते सरळ मोजावे!

उलाम यांनी ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली. दोघेही लॉस अलामोसच्या अणुबाँबच्या प्रयोगशाळेशी संबंधित होते. धातूच्या गोळ्यात न्यूट्रॉन कसे भरकटतात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. प्रत्येक न्यूट्रॉनचा प्रवास म्हणजे पत्त्यांचा एक डाव, असे मानून त्यांनी नुकत्याच तयार झालेल्या ‘एनियाक’ या संगणकाकडून असे डाव खेळवून घेतले. निकोलस मेट्रोपोलिस या सहकाऱ्याने पद्धतीला जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोनॅको देशातील गावाचे नाव सुचवले, ‘माँटे कार्लो’. उलाम यांचे एक काका नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन तिथे खेळायला जात, त्यावरून हे नाव पडले. मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा या पद्धतीवरचा निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. बाँबसाठी जन्मलेली ही पद्धत आज कर्करोगाच्या रुग्णांच्या कामी येते.

ज्वारीचे दाणे

पद्धतीचा गाभा घरच्या घरी करून पाहता येतो. अंगणात खडूने एक चौकोन आखावा आणि त्याच्या चारही बाजूंना टेकेल असे एक वर्तुळ आत काढावे. आता नेम न धरता ज्वारीचे दाणे टाकत राहावे. चौकोनाबाहेर पडलेले दाणे सोडून द्यावेत आणि आतल्या दाण्यांपैकी किती वर्तुळात पडले ते मोजावे. चौकोनाचा ७८.५ टक्के भाग वर्तुळाने व्यापलेला असतो. शंभर दाण्यांत कधी ७४, कधी ८२ मिळतील. म्हणजे चारेक दाण्यांची चूक सहज होईल. दहा हजार दाणे टाकले, तर हीच चूक शेकड्याला अर्ध्या दाण्याच्या आत येईल.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, एकेक दाणा कुठे पडेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण हजारो दाण्यांचा हिशेब पक्का असतो. दुसरी, चूक निम्मी करायची तर दाणे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. संगणकाला वेळ का लागतो, याचे उत्तर या दुसऱ्या गोष्टीत आहे.

एका किरणकणाचा प्रवास

आता दाण्यांच्या जागी किरणांचे कण आणू. या कणांना फोटॉन म्हणतात. कोबाल्टच्या यंत्रातून रोजचा २ ग्रे डोस देताना शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हजारो कोटी फोटॉन येऊन पडतात.

त्यांतला एक फोटॉन शरीरात शिरला असे समजा. संगणकाजवळ एक ते शंभर आकड्यांच्या चिठ्ठ्यांची पिशवी आहे. फोटॉन एक सेंटिमीटर पुढे गेला, की संगणक डोळे मिटून एक चिठ्ठी काढतो. पाण्यासारख्या मऊ मांसात कोबाल्टच्या फोटॉनची दर सेंटिमीटरला धडक होण्याची शक्यता शंभरात सुमारे सहा असते. चिठ्ठीवर एक ते सहा आकडा आला, तर धडक झाली. सहाच्या पुढचा आला, तर फोटॉन तसाच पुढे गेला. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा सेंटिमीटर. अशा शंभर फोटॉनांपैकी दहा सेंटिमीटर खोलीपर्यंत निम्म्याहून थोडे अधिक कुठेही न धडकता पोहोचतात. प्रत्यक्षात संगणक सेंटिमीटर मोजत बसत नाही. एकाच चिठ्ठीत पुढची धडक किती अंतरावर होईल ते काढतो. पण तत्त्व हेच.

धडक झाली, की दुसरी चिठ्ठी. धडकणारा फोटॉन बहुधा तिथेच संपत नाही. आपली थोडी ऊर्जा तो एका इलेक्ट्रॉनला देतो आणि स्वतः दुबळा होऊन भलत्याच दिशेने निघतो. किती ऊर्जा दिली आणि कोणत्या दिशेने वळला, हेही चिठ्ठ्यांनीच ठरते. कोणत्या आकड्याला किती वाव द्यायचा, हे मात्र मनाने ठरत नाही. ते भौतिकशास्त्राच्या नियमांनी आणि प्रयोगांनी ठरलेले असते.

ढकलला गेलेला इलेक्ट्रॉन यात्रेच्या वाटेवर चिल्लर वाटत चाललेल्या माणसासारखा असतो. पावलापावलाला थोडी थोडी ऊर्जा टाकत तो काही मिलिमीटर जातो, आणि बटवा रिकामा झाला की थांबतो. डोस म्हणतात तो हाच. फोटॉन फक्त रक्कम घेऊन येतो, प्रत्यक्ष वाटप इलेक्ट्रॉन करतो. यामुळेच सर्वाधिक डोस कातडीवर न पडता थोडा आत पडतो. कोबाल्टच्या किरणांत सुमारे अर्धा सेंटिमीटर आत, आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या नेहमीच्या सहा मेगाव्होल्टच्या किरणांत सुमारे दीड सेंटिमीटर आत. कातडी थोडीफार वाचते ती या कारणाने.

सी.टी. कशासाठी?

हे वाटप लिहून ठेवायला वही लागते. ती वही म्हणजे सी.टी. स्कॅन. रोगनिदानाच्या वेळी एकदा सी.टी. झालेला असताना पुन्हा दुसरा कशाला, असे पुष्कळांना वाटते. पहिला सी.टी. रोग शोधण्यासाठी असतो. हा दुसरा, ज्याला रुग्णालयात ‘सिम्युलेशन’ म्हणतात, तो हिशेबासाठी असतो. शेक घेताना जसे झोपायचे, अगदी तसेच त्या सपाट टेबलावर झोपवून, गरज असेल तर चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो काढतात.

या सी.टी.वरून संगणक शरीराचे बारीक चौकोनी तुकडे पाडतो. चाळीस सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर जाड आणि तीस सेंटिमीटर लांब एवढ्या भागाचे तीन मिलिमीटरचे तुकडे पाडले, तर ते तेरा लाखांच्या वर होतात. प्रत्येक तुकड्यात मांस आहे, हाड आहे की हवा, आणि त्याची घनता किती, हे सी.टी. सांगतो. प्रत्येक तुकड्याचे एक खाते उघडले जाते. इलेक्ट्रॉनने वाटेत जिथे जितकी ऊर्जा टाकली, तितकी त्या खात्यात जमा. कोट्यवधी फोटॉनांचे प्रवास संपले, की गाठीच्या खात्यांत किती आणि मज्जारज्जूच्या खात्यांत किती, याचा ताळेबंद समोर येतो.

डॉक्टरांचे कामही याच वहीवर चालते. सी.टी.च्या एकेका चित्रावर ते गाठीची आणि जपायच्या अवयवांची सीमा आखतात. अशी चित्रे शंभराच्या घरात असू शकतात. मग फिजिसिस्ट, म्हणजे रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ, किरण कोणत्या दिशांनी सोडायचे ते मांडून पाहतो. ताळेबंद जमला नाही, तर मांडणी बदलून हिशेब पुन्हा. कठीण जागेच्या गाठीसाठी असे अनेकदा होते.

फुप्फुसाचा घोळ

एवढा खटाटोप कशाला, साधे सूत्र नाही का, असे कुणी विचारील. साधी सूत्रे आहेत, आणि पूर्वी तीच वापरत. पोटासारख्या ठिकाणी, जिथे सगळीकडे पाण्याच्या घनतेचे मांस आहे, तिथे ती बरीच बरोबर येतात. घोळ होतो तो छातीत.

फुप्फुस हवेने भरलेले असते. त्याची घनता पाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच. तिथे फोटॉन कमी धडकतात, हे जुन्या सूत्रांना ठाऊक होते. पण तिथे इलेक्ट्रॉन तिप्पट-चौपट लांब पळतात, हे ती धरत नसत. इलेक्ट्रॉन जिथे सुटला तिथेच त्याची ऊर्जा जमा झाली, असे ती मानत. फुप्फुसातल्या लहान गाठीच्या बाबतीत याचा परिणाम असा, की कागदावर गाठीच्या कडेपर्यंत पूर्ण डोस दिसे, पण प्रत्यक्षात कडेला तो कमी पडे. कडेच्या पेशी जिवंत राहिल्या, तर रोग तिथूनच पुन्हा डोके वर काढणार. एकेका कणाचा पाठलाग करणाऱ्या माँटे कार्लो पद्धतीने ही तूट स्पष्ट दाखवली.

मग ही पद्धत पहिल्यापासूनच का वापरली नाही? कारण वेळ. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत तयार झालेला आणि पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने वाढवलेला ‘ईजीएस’ हा कार्यक्रम यासाठी प्रसिद्ध आहे. त्याची चौथी आवृत्ती १९८५ साली आली. त्या काळच्या संगणकांना एका रुग्णाच्या पूर्ण हिशेबाला कित्येक तास, प्रसंगी दिवस लागत. ज्वारीच्या दाण्यांचा नियम आठवा. चूक निम्मी करायला चौपट वेळ! आज संगणक वेगवान झाले आहेत, आणि मूळची व्हिडिओ गेमसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे या कामाला जुंपता येतात. त्यामुळे तासांचा हिशेब मिनिटांवर आला आहे. काही रुग्णालयांतील संगणक थेट हीच पद्धत वापरतात. इतर अनेक ठिकाणी त्याहून जलद गणिते वापरतात, पण त्यांतले पायाचे आकडेही बहुधा माँटे कार्लोनेच काढलेले असतात.

संगणक विचारले तेवढेच सांगतो

एवढे वाचून ‘संगणकाने काढले म्हणजे बरोबरच’ असे कुणाला वाटले, तर ते धोक्याचे आहे. पनामा देशातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २००० आणि २००१ या वर्षांत जे घडले, ते मुद्दाम सांगतो.

तिथे पोटाच्या खालच्या भागातील कर्करोगावर कोबाल्टच्या यंत्राने शेक देत. निरोगी भाग झाकण्यासाठी किरणांच्या वाटेत शिशासारख्या जड धातूचे ठोकळे ठेवतात. तिथल्या संगणकात चारच ठोकळ्यांची नोंद होत असे, आणि डॉक्टरांना पाचवा हवा होता. कर्मचाऱ्यांनी वाट काढली. अनेक ठोकळे मिळून एकच आकार आहे अशी नोंद त्यांनी केली. संगणकाने ती मुकाट्याने स्वीकारली. पण नोंदीच्या एका विशिष्ट प्रकारात तो चुकीचा अर्थ लावी, आणि शेक देण्याची वेळ जवळजवळ दुप्पट काढी. पडद्यावर धोक्याची सूचना आली नाही. त्या वेळेची पडताळणी कुणी हाताने करून पाहिली नाही. २८ रुग्णांना जादा डोस मिळाला, आणि त्यांतील काही जण त्यामुळे दगावले. २००१ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी तिथे जाऊन चौकशी केली, तेव्हा ही सारी साखळी उघड झाली.

तिथे यंत्र बिघडलेले नव्हते आणि कुणाचा हेतूही वाईट नव्हता. दुसऱ्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांचा हिशेब केला असता, तर ‘वेळ दुप्पट का येते?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला असता. म्हणून चांगल्या रुग्णालयात संगणकाचे उत्तर दुसऱ्या स्वतंत्र हिशेबाने तपासतात. गुंतागुंतीच्या प्लॅनमध्ये तर रुग्णाच्या जागी पाण्याचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा ठेवून, आत मोजयंत्र बसवून, तोच शेक आधी त्या ठोकळ्याला देऊन पाहतात. संगणकाचा आकडा आणि मोजयंत्राचा आकडा जुळला, तरच रुग्णाला आत घेतात. ही तालीम बहुधा संध्याकाळी, यंत्रावरचे रुग्ण संपल्यावर होते. बाहेर बाकावर बसलेल्यांना ती दिसत नाही.

कोबाल्टच्या यंत्रात आणखी एक बाब आहे. कोबाल्ट सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे दरमहा त्याचा जोर सुमारे एक टक्क्याने घटतो. तेवढाच डोस द्यायला दर महिन्याला थोडा जास्त वेळ लागतो. मागच्या महिन्यात शेजारच्या रुग्णाला दोन मिनिटे दिली आणि मला अडीच का, अशी तुलना म्हणूनच करू नये. शिवाय प्रत्येकाचे शरीरही वेगळे.

रुग्णाने आणि घरच्यांनी काय करावे?

हा सारा हिशेब सी.टी.च्या दिवशीच्या शरीराचा असतो. शेक मात्र पुढचे पाच-सात आठवडे चालतो. शरीर तसेच राहिले, तरच हिशेब खरा ठरतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) अंगावर काढलेल्या खुणा घासून पुसू नयेत. आंघोळ कशी करायची ते विचारून घ्यावे. खूण फिकी झाली, तर स्वतः पेनाने गिरवू नये, तिथल्या तंत्रज्ञाला सांगावे. एक सेंटिमीटरची चूकही मोठी ठरू शकते.

२) लघवी भरलेली ठेवून किंवा पोट रिकामे ठेवून सी.टी. काढला असेल, तर रोज त्याच स्थितीत शेक घ्यावा. मूत्राशय रिकामे असेल, तर आतडी खाली सरकून किरणांच्या वाटेत येऊ शकतात.

३) वजन उतरू लागले, मुखवटा सैल झाला किंवा सूज येऊन घट्ट झाला, तर लगेच सांगावे. काही वेळा नवा सी.टी. काढून हिशेब नव्याने करावा लागतो. तोंडाने खाणे जात नसेल तर लपवू नये. नळीने अन्न देण्याला घाबरू नये.

४) पेसमेकर, मोडलेल्या हाडात बसवलेली पट्टी, कृत्रिम खुबा, दातांतील धातू याविषयी आधीच सांगावे. धातूमुळे सी.टी.चे चित्र बिघडते आणि हिशेबही. पेसमेकर किरणांनी बिघडू शकतो.

५) शेकाच्या जागी हळद, तेल, बाम किंवा कुणी दिलेला लेप मनाने लावू नये. विचारून दिलेले मलमच लावावे.

६) यंत्र चालू असताना हलू नये. खोकला येत असेल तर हात वर करावा. बाहेर कॅमेऱ्यावर माणूस पाहत असतो, तो यंत्र थांबवतो.

७) एकदा सुरू झालेला शेक मधे सोडू नये. घसा आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात उपचार लांबला, तर वाढलेल्या दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. लग्नकार्य, पेरणी किंवा जत्रेसाठी आठ दिवस घेतलेली सुटी महागात पडते. अपरिहार्य कारण असेल, तर आधी सांगावे. चुकलेले दिवस भरून काढण्याचाही हिशेब असतो.

बाहेरून यंत्राने शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून नंतर किरण बाहेर पडत नाहीत. त्याने नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावे. त्याचे ताट-पांघरूण वेगळे ठेवण्याची गरज नाही.

आता पुन्हा मूळ प्रश्न. किती दिवस थांबणे रास्त आहे? अवयवांच्या सीमा आखणे, हिशेब आणि तपासणी यांना साध्या प्लॅनमध्ये दोन-चार दिवस, आणि कठीण प्लॅनमध्ये आठवडा किंवा थोडा जास्त काळ लागू शकतो. गाठीतून रक्त वाहत असेल किंवा मणक्यावर दाब येऊन पाय लुळे पडू लागले असतील, तर डॉक्टर साधा हिशेब करून त्याच दिवशीही शेक सुरू करतात. मात्र हिशेब पूर्ण झाला असून केवळ यंत्रावर गर्दी आहे म्हणून थांबावे लागत असेल, तर ती गोष्ट वेगळी. मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत हे घडते. अशा वेळी ‘दुसऱ्या केंद्रात लवकर नंबर लागेल का?’ असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. त्यात काही गैर नाही, आणि चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही.

म्हणून ‘अजून का नाही?’ असे न विचारता दोन नेमके प्रश्न विचारावेत. ‘आमचा प्लॅन तयार होऊन तपासून झाला का? आणि झाला असेल, तर यंत्रावर तारीख कोणती?’ पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर धीर धरावा, कारण त्या वेळेत आपल्याच माणसाच्या जिवाचा हिशेब दोनदा तपासला जात असतो. ‘हो’ आले, तर तारीख लिहून घ्यावी, तिथल्या समाजसेवा विभागाचा किंवा आपल्या वॉर्डाचा फोन नंबर घ्यावा, आणि गावी जायचेच झाले तर परतीच्या गाडीचे तिकीट आधी काढून मगच निघावे.